सरासरी वेग तोच, मग प्रवाह का घटतो?

प्रश्न : वर्तुळाकार, एकेरी लेनच्या रस्त्याचं नागेल–श्रेकेनबर्ग पद्धतीचं (रस्ता खान्यांत वाटून गाड्या दर सेकंदाला पुढे सरकवणारं) सिम्युलेशन लिहिलं आहे. सगळ्या गाड्यांना कमाल वेग ५ (सेकंदाला ५ खाने) दिला की प्रवाह, म्हणजे एका जागेवरून दर सेकंदाला जाणाऱ्या गाड्या, उत्तम. वेगांत थोडा फरक केला की तो धाडकन पडतो. सरासरी तर जवळपास तीच राहते. प्रोग्रॅम चुकला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. समजा १००० खाने (प्रत्येकी ७.५ मीटर), ८० गाड्या आणि यादृच्छिक ब्रेकची (गाडी अकारण थोडी हळू होण्याची) शक्यता शून्य. खान्यामागे ०.०८ गाड्या, म्हणून प्रवाह ०.०८ × ५ = ०.४० गाड्या दर सेकंदाला, म्हणजे ताशी १४४०. आता एकाच गाडीचा कमाल वेग ३ करा. कमाल वेगांची सरासरी ४.९७५, पण ओव्हरटेक नसल्याने उरलेल्या ७९ गाड्या ५०० सेकंदांच्या आत तिच्यामागे रांग लावतात आणि प्रवाह ०.२४ वर येतो, ताशी ८६४! सरासरीकडे बघूच नका, सगळ्यात हळू गाडी बघा.

गाडीचा स्वतःचाच वेग डळमळतो तेव्हा प्रकरण वेगळं. ब्रेकची शक्यता ०.५ ठेवली तर कमाल प्रवाह (गाड्यांची संख्या सगळ्यात अनुकूल असतानाचा) ०.८३ वरून सुमारे ०.३२ वर घसरतो. कारण थांबलेल्या गाडीला पुढचा रस्ता मोकळा झाल्यावरही निघायला सरासरी दोन सेकंद लागतात, तेवढ्यात मागून नव्या गाड्या येऊन थांबतात. कोंडी मग उलट दिशेने, ताशी सुमारे १३.५ किलोमीटरने सरकते.

तरी प्रोग्रॅममध्ये दर सेकंदाच्या पायरीतला क्रम तपासा : वेग वाढवणे, पुढच्या अंतरापुरता कमी करणे, यादृच्छिक ब्रेक, मग सरकणे. सगळ्या गाड्यांचे नवे वेग आधी काढून त्या एकदमच हलवा. एकेक गाडी हलवत गेलात तर मागचीला पुढची आधीच सरकलेली दिसते आणि कोंड्या खोट्याच विरतात. मोजणीतून सुरुवातीच्या काही हजार पायऱ्या वगळा.

प्रश्न : चालणाऱ्या गर्दीलाही हेच लागू होतं का?

उत्तर : एकामागोमाग चालायच्या अरुंद बोळात, हो. चालण्याचा वेग सहसा सरासरी १.३४ आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा फरक) ०.२६ मीटर प्रतिसेकंद धरून वाटतात. त्यात हजारात एखादा ०.५६ च्या खाली निघतोच, आणि बोळाचा वेग तोच ठरवतो. रुंद मार्गात लोक बाजूने पुढे जातात, म्हणून फटका कमी. दारापाशी मात्र सगळ्यांनाच जास्त घाई दिली तर एकमेकांत अडकून माणसं उलट हळू बाहेर पडतात. हेल्बिंग, फार्कश आणि व्हिचेक यांनी २००० साली सिम्युलेशनमधूनच हे दाखवलं. त्यासाठी मॉडेलमध्ये अंगाला अंग घासण्याचं घर्षण हवं. ते गाळलंत तर हा परिणाम दिसणार नाही.