कॉपियर आणि बॅकअप सर्व्हरवरून मेल जाईनात, पर्याय काय?

तुमच्या ऑफिसचं मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, कॉपियरचं स्कॅन टू ईमेल बंद पडलंय, बॅकअप सर्व्हरचा रोजचा मेलही थांबलाय आणि दोन्हीकडे ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी छोट्या ऑफिसांचं आयटीचं काम बघतो. सध्या दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा याच गोष्टीसाठी फोन येतो.

पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसू नका. नुसतं युजरनेम-पासवर्ड देऊन आत जाण्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून जवळपास सगळीकडे बंद करायला घेतली. मेल पाठवण्यापुरती ती शिल्लक ठेवली, पण तीही जाणार हे जाहीर झालंय, फक्त तारीख एकापेक्षा जास्त वेळा पुढे गेलीय. त्या भरवशावर नवी मांडणी करू नका. आणि अकाउंट्सच्या मॅडमचा पासवर्ड कॉपियरमध्ये टाकून ठेवला असेल, तर तो आजच काढा.

आधी एवढंच बघा: मेल ऑफिसातल्याच लोकांना जातात, की क्लायंटलाही?

फक्त आतल्यांना जात असतील तर ‘डायरेक्ट सेंड’ पुरतं. मशीनमध्ये सर्व्हर म्हणून तुमच्या डोमेनच्या एमएक्स रेकॉर्डवरचा (तुमचे मेल कुठल्या सर्व्हरवर यायचे ते सांगणारी नोंद) पत्ता टाकायचा, पोर्ट २५, पासवर्ड नाही. मात्र २०२५ मध्ये भामट्यांनी हीच वाट धरून आतूनच आल्यासारखे दिसणारे खोटे मेल पाठवले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद करायची सोयही दिली. तुमच्या अ‍ॅडमिनने ही बंदी चालू केलीय का, ते विचारा.

बाहेरही पाठवायचे असतील तर एक्स्चेंज अ‍ॅडमिनमध्ये कनेक्टर (तुमच्या आयपीवरून आलेले मेल पासवर्डशिवाय घ्यायचा नियम) बनवा. त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, लागतो. तोच आयपी एसपीएफ रेकॉर्डमध्येही (तुमच्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) घाला, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊन पडतील. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड लाइनवर बाहेर जाणारा पोर्ट २५ अडवलेला असतो, त्यामुळे आधी इंटरनेटवाल्याला फोन करा. मी एकदा हे विचारायला विसरलो आणि अख्खी दुपार कनेक्टर तपासण्यात गेली. (गूगल वर्कस्पेसवाल्यांसाठी अशीच, मेल पुढे पाठवणारी एसएमटीपी रिले सेवा आहे. ती आयपीवरून ओळखते आणि पोर्ट ५८७ वरही चालते.)

कॉपियर जुनं असेल, टीएलएस १.२ (मेल पाठवताना लागणारं एन्क्रिप्शन) येत नसेल, तर मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे मध्ये स्वतःचा रिले ठेवणं. एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाका. कॉपियर, बॅकअप, हजेरीचं मशीन, सगळ्यांनी मेल त्याच्याकडे द्यायचे आणि त्याने ५८७ वरून अ‍ॅमेझॉन एसईएससारख्या मेल पाठवणाऱ्या सेवेकडे सोपवायचे. पासवर्ड एकाच जागी राहतो, उद्या सेवा बदलली तरी दहा मशीनांपुढे जाऊन उभं राहावं लागत नाही. फक्त ‘मायनेटवर्क्स’ या पोस्टफिक्सच्या यादीत ऑफिसचेच आयपी ठेवा, नाहीतर जगभरचे स्पॅमवाले तुमच्या नावाने मेल पाठवतील. एसईएसचं खातं सुरुवातीला सँडबॉक्समध्ये असतं, दिवसाला २०० मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच. त्यातून बाहेर काढायची विनंती लवकर टाका.

स्कॅनसाठी खरं तर मेल हवाच असं नाही, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकता येतं. पण त्यासाठी विंडोजवर एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत चालू करायला कुणी सांगितलं तर करू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून पसरला होता.

बॅकअपच्या मेलकडे मात्र आज रात्रीच बघा. एका ऑफिसात असाच मेल थांबला होता. मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळ्यांनी धरलं. डिस्क भरून गेली होती. लेजरची फाइल उघडेना तेव्हा हातात आलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. तिथे हिशेब लिहिणाऱ्या मुलीने तीन आठवड्यांच्या नोंदी व्हाउचर बघून पुन्हा केल्या, ते मी शेजारी बसून पाहिलंय. तेव्हापासून मी बॅकअप यशस्वी झाल्याचाही मेल रोज लावतो आणि तो सकाळी दहापर्यंत आला नाही तर मला फोन करायचा, हे एका माणसाला नेमून देतो.

कॉपियरचं मॉडेल आणि तुमच्याकडे स्टॅटिक आयपी आहे का, एवढं कळवा. सेटिंग नेमकं काय भरायचं ते सांगतो.