‘किट घातलं नव्हतं’ म्हणून कंपनी सुटते का?

प्रश्न : भाऊ, माझे मालक पंपाच्या हिशेबाने लोकांच्या वावरात फवारणी करतात. भादव्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) औषध मारून आले अन् रात्री ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी. आठ दिवस सरकारी दवाखान्यात होते. अजून उजेड सहन होत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, मजुराने सुरक्षा किट घातलं नाही, दोन औषधं मिसळली, आमचा दोष नाही. आम्ही गप्प बसायचं का?
– एक भगिनी, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, अजिबात गप्प बसू नका. हे उत्तर मी 2017 पासून ऐकतो आहे. तेव्हा मी कृषी सहायक होतो. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. नळी वर धरली की फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं. मी बांधावर पाहिलेलं किट एवढंच. यवतमाळ जिल्ह्यात 20 हून जास्त माणसं गेली.

त्या प्रकरणातल्या 51 बाधितांसाठी 2020 साली संघटनांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, तिथेच मुख्यालय असलेल्या सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार नेली. आपल्या औषधामुळे हे घडलं, हे कंपनीने नाकारलं. पण मजुराचा जीव हा मानवी हक्काचा प्रश्न आहे, हे तिथे मांडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांची 2011 ची तत्त्वंही सांगतात की मालातून होणाऱ्या हानीकडे कंपनीने पाहिलंच पाहिजे. विदर्भातल्या उकाड्यात रबरी हातमोजे अन् मास्क घालून कोणी दिवसभर पंप वाहू शकत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. विषबाधेची लक्षणं अन् उतारा सांगणारं पत्रक कायद्याने डब्यासोबत द्यावं लागतं. ते मजुराच्या हाती कधी आलं, हे आधी त्या माणसाला विचारा.

औषधाचं बिल शेतमालकाच्या नावावर असेल, ते आजच मागा. दिवाळीनंतर बिलं सापडत नाहीत. बॅच नंबरसकट रिकामा डबा असेल तर तोही. विषबाधेची केस म्हणून दवाखान्याने पोलिसांना कळवलेलं असतं, त्या नोंदीची नक्कल काढा. मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्यामुळे अर्ज तुमच्याच नावाने करा.

डबा मात्र घरात ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लेकरांचा हात पोचणार नाही असा गोठ्यात वर टांगा.