सेंद्रिय कांद्याला कोणतं वाण घ्यावं? रासायनिकवर चालणारंच चालेल का?

चालेल, पण हंगाम बघा. सोलापूर भागात सेंद्रियची सुरुवात रब्बीत करा, एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती घेऊन. खरिपात दमट हवेत करपा (पात करपवणारा बुरशीचा रोग) येतो, निंबोळी अर्काने तो आवरत नाही.

युरिया लगेच लागू होतो, शेणखतातलं नत्र सावकाश सुटतं. म्हणून तेच वाण सेंद्रियमध्ये थोडं लहान पोसतं, सुरुवातीला उताराही कमी येतो. खरा फरक चाळीत, म्हणजे कांदा साठवल्यावर कळतो. उशिरा युरिया दिलेल्या कांद्याची मान दाबून बघा: जाड, ओलसर लागते आणि सड तिथूनच सुरू होते. बेताच्या नत्रावर वाढलेल्याची मान बारीक होऊन सुकते. आडत्याकडे मात्र लिलाव आकार-रंगावरच होतो, त्यामुळे सेंद्रियचं गिऱ्हाईक आधी ठरवा.