जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं टायमिंग अ‍ॅडव्हान्स केलं, म्हणजे प्लगचा स्पार्क अजून आधी पाडला, तर खरंच पॉवर वाढते का?

वाढते, पण तुमचा मेकॅनिक म्हणतोय तसं नाही, की डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) चार-पाच डिग्री फिरवला आणि गाडी पळायला लागली.

स्पार्क पडला की पेट्रोल एकदम भडकत नाही, आग सिलिंडरभर पसरायला थोडा वेळ लागतो. आता 900 आरपीएमच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनचा दांडा, एका मिलिसेकंदात जेमतेम साडेपाच डिग्री फिरतो आणि 6000 ला तेवढ्याच वेळात 36 डिग्री, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच स्पार्क टाकावा लागतो आणि आरपीएम चढला की अजून आधी. सगळा खटाटोप एवढ्यासाठी की सगळ्यात जास्त प्रेशर पिस्टन टोकावरून खाली निघाल्यावर, साधारण 14-16 डिग्रीला, यावं. झोका मागे टोकाला जाऊन परत फिरला की ढकलतो ना, तसंच. आधी ढकललात तर झोका अडतो, उशीर केलात तर जोर वाया.

म्हणजे जास्त अ‍ॅडव्हान्स म्हणजे जास्त पॉवर असं मुळीच नाही. डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनवर) एकेक डिग्री वाढवत जायचं आणि टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, वाढायचा थांबला की थांबायचं, उलट एक-दोन डिग्री मागे या, कारण त्या टोकाजवळ ग्राफ इतका सपाट असतो की मागे आल्याने जवळजवळ काहीच जात नाही पण इंजिन वाचतं.

तुमच्या गाडीत अजून एक भानगड आहे. अ‍ॅडव्हान्सचा मॅप, म्हणजे कुठल्या आरपीएमला किती डिग्री याचा तक्ता, ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) आत आहे, डिस्ट्रिब्युटर फिरवला की तो अख्खा मॅप सरकतो. वरच्या आरपीएमला कदाचित दोन डिग्री हव्या असतील, पण त्याच दोन डिग्री खाली 2000-2500 ला फुल थ्रॉटलवर नॉकिंग (पेट्रोल आपोआप, अवेळी भडकून होणारी ठकठक) आणतात, आणि खंडाळ्याच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटली की नेमकं तेच होतं. खरं ट्यूनिंग हवं असेल तर प्रत्येक आरपीएम आणि लोडला वेगळा आकडा देता येईल असा ईसीयू घ्या, फिरवाफिरवीने ते होत नाही. आणि कानावर भरवसा ठेवू नका प्लीज, खालचं नॉकिंग ऐकू येतं पण 6000 ला आवाजात दबून जातं आणि पिस्टन तिथेच फुटतात. जोरात पळवून झाल्यावर प्लग काढा, पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे ठिपके दिसले तर टायमिंग लगेच मागे घ्या.

पेट्रोलचं म्हणाल तर साध्या पेट्रोलवर जर नॉकिंग तुम्हाला अडवत असेल तरच जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंग जास्त सहन करणाऱ्या, पेट्रोलचा उपयोग, नाहीतर नुसतं महाग पेट्रोल ओतून पॉवर येत नाही.

माझं मत विचाराल तर आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळ ठेवायची बारीक फट), प्लग आणि एअर फिल्टर नीट करून घ्या. मग इंजिन पूर्ण गरम करून, सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करून, म्हणजे चेकिंगसाठी दिलेल्या छोट्या कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडून (हे न करता घेतलेलं रीडिंग चुकीचं येतं, ईसीयू अधूनमधून आपला अ‍ॅडव्हान्स घालत राहतो), टायमिंग लाइटने (स्पार्कबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) क्रँक पुलीवरची खूण बघा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यावर आणा. जुन्या गाड्यांमध्ये टायमिंग बऱ्याचदा मागेच पडलेलं असतं आणि गेलेला पिकअप बऱ्यापैकी तिथेच परत येतो. बोल्ट आवळून झाल्यावर परत एकदा लाइट मारा, आवळताना डिस्ट्रिब्युटर थोडा सरकतो.