एका सेकंदाचं दुखणं

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. डोंगरातल्या सायकल शर्यती खेळतो. चढावर तो कुणाला ऐकत नाही, पण मागच्या शर्यतीत शेवटच्या उतारावर दोघं त्याच्या पुढे गेले आणि तिसरा नंबर एका सेकंदानं हुकला. तेव्हापासून सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे. वर म्हणतो, स्विस सायकलपटू निनो शुर्टरसारखी महागडी सायकल असती तर जिंकलो असतो. घेऊन द्यावी का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, सायकल भिंतीला टेकवलीय, विकायला काढलेली नाही. म्हणजे पोरगं रुसलंय, एवढंच.

शुर्टरचं नाव त्यानं स्वतःच काढलंय, तर त्याला २०१२ची लंडन ऑलिंपिकची शर्यत दाखवा. दीड तासाच्या झुंजीनंतर शुर्टर शेवटच्या फेरीतही पुढे होता. अगदी शेवटी चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी त्याच्या पुढे घुसला. कुल्हावीची वेळ १ तास २९ मिनिटं ७ सेकंद, शुर्टरची १ तास २९ मिनिटं ८ सेकंद. म्हणजे तुमच्या लेकाचं दुखणं तेच आहे, फक्त त्या सेकंदापायी ऑलिंपिकचं सुवर्ण गेलं. (त्याच शर्यतीत इटलीच्या मार्को फोंतानाची सीट शेवटच्या फेरीत दांडीसकट निघाली आणि त्यानं उभ्याउभ्या पॅडल मारत कांस्य मिळवलं. ‘सायकल चांगली नव्हती’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा ऐकवतो.)

चार वर्षांनी रिओत तेच दोघं पुन्हा समोरासमोर आले. या वेळी शुर्टर पुढे, कुल्हावी मागे आणि मधे ५० सेकंदांचं अंतर.

आता सायकलीचं. २०१२च्या सुमारास सगळे २९ इंची चाकांकडे पळत होते. शुर्टरची उंची जेमतेम १७३ सेंटिमीटर. त्यानं मधलं, साडेसत्तावीस इंची चाक घेतलं आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला त्यावर विश्वचषक मालिकेतली एक शर्यत जिंकली. पुढे तोही २९वर आला. मुलाला सायकल मापाची होते का, एवढं बघा. होत असेल तर पैसे ठेवून द्या.

पैसे न लागणारी गोष्ट म्हणजे उतार. तरुणपणी वेताळ टेकडीवर मी वळणात पुढचा ब्रेक दाबला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. चढायचा दम होता, उतरायची अक्कल नव्हती. शुर्टरचं उतरणं बघताना मला ते हाड आठवतं. त्याच्या सरावात तोल सांभाळत चेंडू झेलण्यासारखे प्रकार असायचे. सर्कस वाटते, पण दगडधोंड्यांवर चाक घसरल्यावर अंगाला विचार करायला वेळ मिळत नाही, ते त्याआधीच सावरावं लागतं.

मुलाला सांगा : ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात शिरल्यावर सोडायचा. सीटवरून उठायचं, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवायची, कोपर सैल. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचंय तिथे हवी. आणि टायर दगडासारखा टणक फुगवू नका. पोरांना वाटतं कडक टायर म्हणजे वेग. खडीवर तो नुसता उड्या मारतो, पकड जाते. रोज संध्याकाळी अंगणात चार विटा मांडून त्यांच्यामधून जितकं हळू जमेल तितकं जायला लावा. हळू चालवणं अवघड असतं, करून बघू दे.

प्रश्न : रस्त्यावरचे सायकलपटू पाच-सहा तास दौडतात. ही डोंगरातली शर्यत जेमतेम दीड तासाची. मग इतकं कौतुक कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण त्या दीड तासात दम खायला जागा नाही. पायवाट अरुंद, पुढच्याला ओलांडायला वाव कमी. म्हणून शिट्टी झाल्यापासून जीव खाऊन पळावं लागतं, नाहीतर पहिल्याच चढावर रांगेत अडकता. पंक्चर झालं तर ठरलेल्या टप्प्यापर्यंत स्वतःच पोचायचं, मधे कुणी मदतीला येत नाही. आणि हे शुर्टरनं किती वर्षं केलं बघा : पहिलं जगज्जेतेपद २००९मध्ये कॅनबेराला, तेविसाव्या वर्षी, दहावं २०२२मध्ये फ्रान्समधल्या ले जे इथे, छत्तिसाव्या वर्षी. २०१७मध्ये तर विश्वचषक मालिकेतल्या सहाच्या सहा शर्यती आणि जगज्जेतेपद, सगळं त्याचंच.

प्रश्न : तो अजून खेळतो का?
– तोच वाचक

उत्तर : नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेंझरहाइडला, घरच्याच डोंगरात, शेवटच्या शर्यतीत उतरला. तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. साताऱ्याच्या ताई, तुमच्या पोराकडे चोवीस वर्षं आहेत. विटा आजच मांडा.