वाचकांचे प्रश्न : ग्रीक बेटांवर काय खावे, कुठे खावे?

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सान्तोरिनी, सिफनोस आणि क्रीट या बेटांवर जात आहोत. सोबत सासूबाई आहेत आणि त्या अंडेही खात नाहीत. आठ दिवस पाव आणि कोशिंबिरीवर काढावे लागतील, या धास्तीने त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधायला घेतली आहे. तिथले पारंपरिक जेवण त्यांना जेवता येईल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : दशम्या विमानापुरत्या असू द्याव्यात. कमी पाऊस, खडकाळ जमीन आणि ऑर्थोडॉक्स चर्चने सांगितलेले वर्षभरातले अनेक उपवास यांमुळे या बेटांवरचे रोजचे जेवण पिढ्यान्‌पिढ्या कडधान्ये, रानभाज्या आणि ऑलिव्ह तेल यांचेच राहिले आहे.

सान्तोरिनीत पहिल्याच दिवशी ‘फावा’ मागवावा. नावावरून पुष्कळांना तो बाकल्याचा, म्हणजे फावा बीन्सचा, पदार्थ वाटतो, पण तो विदर्भातील लाखेच्या डाळीच्या कुळातल्या एका कडधान्याचा असतो आणि हे पीक त्या बेटावर सुमारे ३५०० वर्षे घेतले जात आहे. घट्ट वरणासारखी घोटलेली पिवळी डाळ ताटलीत पसरलेली, तिच्यावर बारीक चिरलेला कच्चा कांदा, केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या, तेलाची धार आणि बाजूला लिंबाची फोड, असे ते पान समोर आले की सासूबाईंना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. पाण्यावाचून वाढणाऱ्या तिथल्या लहान टोमॅटोची पुदिना घातलेली भजीही अवश्य खावी. मात्र पिठात अंडे आहे का, हे आधी विचारावे. ईया आणि फिरा येथे कड्यावर बसून जेवण्याचे पैसे बहुतांशी देखाव्याचे असतात. जेवणासाठी पिर्गोस किंवा मेगालोहोरी या आतल्या गावांत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिफनोसचा मुक्काम मात्र रविवार साधूनच ठरवावा. या बेटावर विमानतळ नाही, बोटीनेच जावे लागते, म्हणून ही आखणी आधी करावी लागते. शनिवारी संध्याकाळी काबुली चणे, कांदा, तमालपत्र, तेल आणि पाणी एवढेच मातीच्या झाकणबंद भांड्यात घालून ते लाकडाच्या भट्टीत रात्रभर ठेवतात आणि रविवारी चर्चमधून परतल्यावर ते भांडे उघडतात. या पदार्थाचे नाव ‘रेविथादा’. चणा अख्खा दिसतो, पण जिभेने दाबताच विरघळतो, आणि मसाला नसतानाही रस्सा दाट व गोडसर लागतो. सिफनोसची कुंभारकला जुनी आहे, तेव्हा भांडेही तिथल्याच मातीचे असते. खानावळींतून हा पदार्थ रविवारी दुपारी लवकर संपतो. उशीर करू नये.

क्रीटमध्ये उकडलेल्या रानभाज्या, म्हणजे ‘होर्ता’, आणि जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो व ताजे चीज घातलेला ‘दाकोस’ मिळेल. ग्रीक चीज परंपरेने जनावराच्या जठरातील रेनेटने विरजतात, हे सासूबाईंना आधीच सांगावे आणि त्यांना चालत नसेल तर दाकोस चीजशिवाय मागावा.

तयार शिजवलेले अन्न मिळणाऱ्या ‘मायिरिओ’ नावाच्या साध्या खानावळी शोधाव्यात. तिथे पातेली पाहून पदार्थ निवडता येतो. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाविना आणि ‘होरिस अवगो’ म्हणजे अंड्याविना, हे शब्द पाठ करावेत. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचे. त्यात मांस, अंडी, दूध नसते, परंतु माकूळ आणि ऑक्टोपस चालतात, त्यामुळे त्या एका शब्दावर विसंबू नये.

प्रश्न : काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रुमी मस्तकी ग्रीसची असते का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : मस्तकी हा ग्रीसमधील खिओस बेटाच्या दक्षिण भागातील झाडांना चिरा पाडून मिळणारा डिंक आहे. तिथे तो चघळतात, आणि पावात, मिठाईत व मद्यातही घालतात. २०१४ साली त्याच्या लागवडीच्या ज्ञानाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अस्सल खडा दातांखाली आधी ठिसूळ फुटतो आणि मग चिवट होतो.