दोन ऑसिलेटर, डुलतोय कोण?

प्रश्न : भंगारातून १० मेगाहर्ट्झचे दोन ओव्हनवाले क्रिस्टल ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेचा सिग्नल देणारे, क्रिस्टल एकाच तापमानाला गरम ठेवणारे) घेतले. माझ्याकडे वारंवारता मोजणारा आठ आकडी काउंटर आणि दोन चॅनलचा जुना स्कोप (लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप), एवढंच आहे. काउंटरवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. जास्त स्थिर कोणता, हे कसं ओळखू? – एक वाचक, सांगली

उत्तर : काउंटर आधी बाजूला ठेवा. एका सेकंदाच्या गेटला, म्हणजे सेकंदभर मोजून, तो एक हर्ट्झच्या खालचं काही दाखवत नाही, म्हणजे कोटीत एक. त्यात त्याच्या पोटातला क्रिस्टल बहुधा तुमच्या ऑसिलेटरपेक्षा कच्चा. शिष्य हुशार आणि पेपर तपासायला गुरुजी, अशातली गत.

खरं काम स्कोप करेल. एक ऑसिलेटर पहिल्या चॅनलला, ट्रिगरही त्याच्यावरच, म्हणजे पडद्यावर त्याची लहर स्थिर दिसेल. दुसरा दुसऱ्या चॅनलला. दुसऱ्याची लहर हळूहळू सरकेल. उजवीकडे गेली तर तो मागे पडतोय, डावीकडे गेली तर पुढे. एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं. ते पूर्ण सरकायला २०० सेकंद लागले तर फरक ०.००५ हर्ट्झ, म्हणजे दोन अब्जांत एक! मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एवढं मोजता येतं.

पण हा फरक म्हणजे अस्थिरता नव्हे. फरक ऑसिलेटरवरचा वारंवारता जुळवायचा स्क्रू फिरवून घालवता येतो. दर आवर्तनाला लागलेला वेळ वहीत लिहा. २०४, २०३, २०५ असं येत राहिलं तर जोडी झकास. २०४, १७१, २६० आलं तर कुणीतरी डुलतोय.

कोण, ते दोघांवरून कधीच कळत नाही. तिसरा आणा, तिघांना क, ख, ग म्हणा आणि तिन्ही जोड्या सारख्याच कालावधीसाठी मोजा. क-ख आणि क-ग यांच्या वारंवारतेतल्या फरकाच्या व्हेरियन्सची (आकडे किती पसरलेत त्याच्या मापाची) बेरीज, त्यातून ख-गचा वजा, उरेल त्याचं निम्मं : तो एकट्या ‘क’चा वाटा. उत्तर ऋण आलं तर नोंदी थोड्या आहेत, नाहीतर ऑसिलेटर एकमेकांच्या कानाला लागलेत.

हे दुसरं मी भोगलंय. एकाच सप्लायवर दोन ऑसिलेटर लावले आणि लहर अर्धा तास तसूभर हलली नाही. घरच्यांना बोलावून दाखवली. मग एकाचा स्क्रू जरासा फिरवला, तरी हलेना! सप्लायच्या तारांतून दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. तेव्हापासून सप्लाय वेगळे, मध्ये बफर (एकाचा सिग्नल दुसऱ्यात उलटा शिरू न देणारं सर्किट), आणि थोडा फरक मुद्दाम ठेवतो.

तिसरा नाहीच मिळाला तर जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला येणारा पल्स ट्रिगरला द्या आणि एकेक ऑसिलेटर त्याच्याशी ताडा. तो सेकंदा-सेकंदाला दहा-वीस नॅनोसेकंद इकडेतिकडे उडतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ते किरकोळ. जुन्या स्कोपवर रेघ सेकंदातून एकदाच चमकेल, तेव्हा खोलीत अंधार करा.

आणि मोजण्याआधी आठवडाभर दोन्ही चालूच ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात नको. मध्येच उभ्याचा आडवाही करू नका. गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलली की क्रिस्टल अब्जात एकाच्या आसपास हलतो. वीज गेली, तर वही मिटून पुन्हा पहिल्यापासून.